सोबतच्या नमुन्याप्रमाणे

२ एप्रिल, सकाळी ५.४०

आजपासून रोजनिशी. आजपासून पहाटे पाचला उठणे (पहिला दिवस म्हणून चाळीस मिनिटं सूट). आजपासून चहात साखर बंद.

काल प्रार्थनामंडळाच्या मीटिंगमध्ये उन्हाळी शिबिर माझ्याकडे आलं. तेरा ते सतरा वयाची चाळीस मुलं, दहा दिवस, नदीकाठची मंडळाची जागा. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, दुपारी मौन, मध्ये अभ्यास आणि श्रमदान. अध्यक्ष म्हणाले की यंदा शिबिर घ्यावं की नाही याचाच विचार चाललाय, कारण कोणी पुढे येत नाही. मी हात वर केला. सगळे एकदम गप्प झाले. आदरानेच असावं.

हे शिबिर अकरा वर्षं कन्येच्या आईने चालवलं. गेल्या वर्षी झालं नाही, कारण ती नव्हती. मी प्रत्यक्ष एकदाही गेलेलो नाही, पण अकरा वर्षं रात्रीच्या जेवणाला तोंडी लावायला शिबिरच असायचं. ऐकून ऐकून माणूस तयार होतोच.

कन्येला सांगितलं. ती सतरा वर्षांची, म्हणजे तिचं हे शेवटचं शिबिर. वाटलं होतं, उडी मारेल. ती म्हणाली, तुम्ही? आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. काहींना आनंद एकट्याने करायची सवय असते.

४ एप्रिल

शिबिराचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या काकू घरी आल्या. पिशवीतून तपकिरी पुठ्ठ्याची वही काढून टेबलावर ठेवली. बाईंची शिबिराची वही, म्हणाल्या, कोठीत राहिली होती, यात सगळं आहे. मी आभार मानले. सव्वीस वर्षं रेकॉर्ड सेक्शनमध्ये काढलेल्या माणसाला वहीवरून शिबिर शिकायची गरज नसते, पण ते बोललो नाही. म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडा.

वही कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. कव्हरवर तिचं अक्षर आहे. ते बघितलं की डोळ्यांत पाणी येतं. चष्म्याचा नंबर बदललेला दिसतो. डॉक्टरांकडे जाणे.

साखर: एक चमचा, पाहुणे होते म्हणून.

७ एप्रिल

नवा प्रवेश-फॉर्म तयार. जुना फॉर्म एका पानाचा होता. माझा चार पानांचा, सोळा कलमं. कलम ११: घरात मन मोकळं कोणाशी करता? कलम १४ खास माझं: शिबिर संपल्यावर मुलाला कोण नेणार, त्याचं नाव, नातं, पूर्ण पत्ता. ज्याचं नाव तिथे, त्याच्याच ताब्यात मूल. इतर कोणी, अगदी सख्खा बाप आला तरी नाही. अध्यक्ष म्हणाले, एवढं कडक कशाला? मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. शेवटी "वाचले, मान्य आहे" अशी पालकाची सही. फॉर्म मुलांनी स्वतः भरायचा, पालकांनी वाचून सही करायची.

एकेक फॉर्म मी जातीने वाचणार आहे. आधीच्या व्यवस्थापनात हे होत नसावं.

१३ एप्रिल, सकाळी ७.२०

कन्येने फॉर्म आणून दिला. मी घाईत होतो, चहा उतू जात होता. शेवटच्या पानावर सही ठोकून फाइलला लावला. घरचाच फॉर्म, त्यात वाचायचं काय? नाव-गाव मला ठाऊक आहे.

ती दारात उभी राहिली. वाचलात का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, वाचला. थोडं थांबून गेली.

कन्येशी संवाद उत्तम चालू आहे. फ्रीजच्या दारावर चिठ्ठ्यांची पद्धत सुरू केली आहे. मी लिहितो: "दूध संपलं. उशीर होईल." ती खाली लिहिते: "बरं." गेल्या महिन्यात एकही भांडण नाही.

१८ एप्रिल

पालक-सभा. विषय: मुलांशी मोकळेपणाने बोला. पाऊण तास बोललो. मुलं गप्प का होतात, ती दार का लावून घेतात, अशा वेळी आईबापांनी दाराबाहेर नुसतं बसून राहावं, वगैरे. डेंटिस्टबाईंनी डोळे पुसले. कन्या मागच्या रांगेत खुर्च्या मांडायला थांबली होती. सगळं ऐकलं असेल. तिला अभिमान वाटला असणार, कारण घरी जाताना वाटेत एक शब्द बोलली नाही.

सभेत पत्राचा विषय निघाला. शिबिराची पहिल्या वर्षापासूनची प्रथा: सहाव्या दिवशी संध्याकाळी पाचला प्रत्येक मुलाला घरून आलेलं हाताने लिहिलेलं पत्र मिळतं. मुलं ते घेऊन झाडांखाली एकेकटी बसतात. मग प्रार्थना. ती म्हणायची की दहा दिवसांचं शिबिर त्या अर्ध्या तासासाठी असतं.

बेकरीवाले उठून म्हणाले, साहेब, आयुष्यात पत्र लिहिलं नाही, काय लिहायचं असतं? बऱ्याच माना हलल्या. मी म्हटलं, निश्चिंत राहा, ऑफिसकडून नमुना मिळेल.

ही कल्पना अकरा वर्षांत कोणाला सुचली नव्हती.

२१ एप्रिल

नमुना-पत्र लिहायला बसलो. तीन दिवस जमेना. शिबिराच्या कामाचा ताण, दुसरं काय? शेवटी आज सुचलं. कन्या पाच वर्षांची असताना फर्निचरच्या दुकानात हरवली होती. तेच टाकलं:

"प्रिय ________, तू पाच वर्षांची/चा असताना आपण फर्निचरच्या दुकानात गेलो होतो आणि तू दिसेनाशी/सा झाली/ला. सगळं दुकान पालथं घातलं. शेवटी कोपऱ्यातल्या एका कपाटाचं दार मी उघडलं. आत तू गाढ झोपली/ला होती/ता. तेव्हा मला कळलं, तुझ्याशिवाय घर म्हणजे नुसतं सामान. देव तुझं भलं करो."

स्वतःलाच भरून आलं. टाइप करायला कन्येला दिलं. ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसली. मग विचारलं, "दार मी उघडलं" असंच ठेवायचं का? मी म्हटलं, भाषेत ढवळाढवळ नको. तिने टाइप करून दिलं. एकही चूक नाही.

चाळीस झेरॉक्स काढल्या. परिपत्रकात लिहिलं: पत्र सोबतच्या नमुन्याप्रमाणे असावे. पाकीट उघडे द्यावे, तपासून चिकटवले जाईल.

२२ एप्रिल

कन्येची मावशी, म्हणजे तिच्या आईची धाकटी बहीण, हिचा फोन. भाऊजी, ती तुमच्याशी काही बोलली का, असं तीनदा विचारलं. मी सांगितलं, आमच्यात सगळं मोकळेपणाने चालतं. मावशी म्हणाली, ती पुढच्या शिक्षणाचं काहीतरी म्हणत होती, आमच्या इकडच्या कॉलेजचं. मी म्हटलं, त्या वयात मुलांना लांबचं सगळं छान दिसतं. शिबिर होऊन जाऊ दे, आपोआप ताळ्यावर येईल. मावशी म्हणाली, तिला घरात आईचं नाव घ्यायची चोरी झालीय.

असं काही नाही. मी कधीच मनाई केलेली नाही. विषयच निघत नाही.

संकल्प: विषय काढणे. शिबिरानंतर, निवांत.

२८ एप्रिल

स्टाफ-ट्रेनिंग. एकूण अकरा जण: गाणंवाले सर, पी.टी.चे सर, नर्सबाई, काकू आणि त्यांच्या मदतनीस, बाकी कॉलेजातले स्वयंसेवक. प्रत्येकाला फाइल. फाइलमध्ये छत्तीस सूचना. सूचना ९: घरची आठवण येऊन रडणाऱ्या मुलाला पाणी द्यावे व नोंद करावी.

गाणंवाल्या सरांनी विचारलं, मुलं दुपारच्या मौनानंतर प्रश्नपेटीत चिठ्ठ्या टाकतात, त्यात एखाद्याने विचारलं की देवाने माझं माणूस का नेलं, तर काय सांगायचं? खोलीत अचानक कोणी माझ्याकडे बघेना. मी म्हटलं, सोपं आहे. सूचना ३१. श्रद्धाविषयक अवघड प्रश्न शिबिरप्रमुखांकडे पाठवावेत.

काकूंनी जाताना विचारलं, बाईंची वही वाचली का? मी म्हटलं, चाळली. (फळीवरून खाली काढून पुन्हा वर ठेवली. म्हणजे चाळलीच.)

साखर: दोन. ट्रेनिंगचा थकवा.

४ मे

पत्रं आली. चाळीस मुलं, त्यांत जुळ्यांना मिळून एकच पत्र, म्हणजे पाकिटं एकोणचाळीस. कन्येचं मी लिहायचं, ते सोडून अडतीस. काय सांगू, सत्तावीस पत्रं तंतोतंत नमुन्यानुसार! तेच दुकान, तेच कपाट. जुळ्यांच्या आईने "तुम्ही दोघं एकाच कपाटात गाढ झोपला होतात" असा आवश्यक तो बदल केला आहे. डेंटिस्टबाईंनी कपाटाऐवजी फ्रीज लिहिलाय. किरकोळ फेरफार, मान्य केला. शिस्त म्हणतात ती हीच.

उरलेली अकरा मात्र मनाला येईल तशी. एका वकिलांनी सहा पानं क्षमा मागितली आहे. बेकरीवाल्यांनी तर चारच ओळी: "पोरी, मला लिहिता येत नाही. पहाटे भट्टी पेटवताना तुझा खोकण्याचा आवाज येत नाही तर चुकल्यासारखं होतं. औषध घे. लवकर ये." सुरुवात नाही, शेवट नाही, देवाचा उल्लेख नाही.

अकराही "नमुन्यानुसार नाही, दुरुस्त करून पाठवावे" असा शेरा मारून परत केली.

८ मे

अकराही दुरुस्त होऊन आली. बेकरीवाले स्वतः आले होते. पाकीट देताना म्हणाले, साहेब, आम्ही कधी फर्निचरच्या दुकानात गेलो नाही, चालेल ना? मी म्हटलं, भावना महत्त्वाची. ते मान हलवून गेले. अक्षर मात्र सुधारलंय, बायकोकडून लिहून घेतलेलं दिसतं.

१० मे

कन्येचं पत्र राहिलंय. रोज ठरवतो. चार वेळा "प्रिय" लिहून पान फाडलं. लिहायला खूप आहे, अडचण तीच. तूर्त मोजणीत घोळ नको म्हणून तिच्या पाकिटात नमुन्याची एक झेरॉक्स घालून ठेवली. जागा धरायला. शिबिरावर निवांत वेळ असेल, तेव्हा खरं पत्र लिहून बदलायचं.

संध्याकाळी तिने विचारलं, आईचा निळा स्वेटर कुठे आहे, नदीकाठी गार असतं. मी म्हटलं, माळ्यावरच्या ट्रंकेत, आल्यावर काढू. ती म्हणाली, मी काढू का? मी म्हटलं, नको, धूळ आहे.

११ मे

फ्रीजवर चिठ्ठी लावली: "उद्या बस ६.३०. पाण्याची बाटली विसरू नये." खाली आज "बरं" नाही. सामान भरण्याच्या गडबडीत असेल. तिने बऱ्याच मोठ्या दोन बॅगा घेतल्या आहेत. दहा दिवसांना एवढे कपडे कशाला? मुलींचं आपल्याला काय कळतंय?

१२ मे, शिबिर, दुपारी

पोहोचलो. चाळीस मुलं, अकरा स्टाफ, मी. हजेरी बरोबर. जागा सुंदर. दरवाजाच्या आत भिंतीवर तिने लावलेली जुनी पाटी आहे: "आत आल्यावर आधी पाणी प्या." माझ्या नियमावलीशी सुसंगत नाही, पण काढली नाही. खिळे गंजले आहेत, हाताला लागतील.

मुलांना मी शिट्टी वाजवून गोळा केलं. काकू म्हणाल्या, बाई घंटा वाजवायच्या. मी म्हटलं, शिट्टी लांबवर जाते. मुलं घंटेपाशीच जाऊन उभी राहिली.

१४ मे

प्रश्नपेटी उघडली. बहुतेक प्रश्न जेवणाबद्दल. एक चिठ्ठी गाणंवाल्या सरांनी सूचना ३१ नुसार माझ्याकडे पाठवली. नाव नाही. "देवाला आईची गरज होती, असं सगळे म्हणाले. मग मला नव्हती का?"

कोणाची असेल, सांगता येत नाही. चाळीस मुलं आहेत. अक्षर बारीक, उजवीकडे झुकलेलं, कोणाचंही असू शकतं. "प्रलंबित" शेरा मारून फाइलला लावली. मग काढून खिशात ठेवली. फाइल उघडी राहते, पानं उडतात.

दुपारी मौनाच्या वेळेत पत्र लिहायला बसलो होतो. डुलकी लागली.

१६ मे

उद्या पत्रांचा दिवस. आज कन्येचं पत्र बदलायचंच. सकाळी पाण्याच्या टाकीचा पाइप फुटला. दुपारी दोन मुलांना जुलाब. संध्याकाळी अध्यक्ष पाहणीला आले, त्यांना छत्तीस सूचना समजावून सांगितल्या. उद्या सकाळी पाचला उठून लिहिणे.

१७ मे, संध्याकाळी ६.४५

सकाळी उशीर झाला. मग विसरलो. विसरलो म्हणजे आठवत होतं, पण आत्ता करू, मग करू असं.

पाचला घंटा (शिट्टी नव्हे, काकूंनीच वाजवली). पाकिटं वाटली. मुलं झाडांखाली गेली. मी ओट्यावर उभा राहून बघत होतो. दोन मिनिटं इतकी शांतता होती की मला वाटलं, जमलं. मग वडाखालून एक मुलगा दुसऱ्याला म्हणाला, तूपण कपाटात? तिसरा उठला. मग पोरं पानं घेऊन एकमेकांकडे धावायला लागली. कपाट, कपाट, कपाट! जुळे उभे राहून ओरडले, आम्ही दोघं एका कपाटात! फ्रीजवाल्याला तर खांद्यावर घेतलं. हसून हसून पोरं गवतावर लोळली.

मीही हसलो. शिबिरात मोकळं वातावरण हवंच.

मग बेकरीवाल्यांची मुलगी रडताना दिसली. नर्सबाई पाणी घेऊन गेल्या (सूचना ९). ती म्हणत होती, हे माझ्या बाबांचं नाहीच, ते पोरी म्हणतात, ते कधी प्रिय म्हणत नाहीत. तिचं बघून दुसरी रडली. वकिलांचा मुलगा रडला नाही. त्याने पानाचे बारीक बारीक तुकडे केले आणि खिशात भरले.

कन्या नदीच्या पायरीवर एकटी बसली होती. कोणीतरी विचारलं, तुझ्यात काय आहे? ती म्हणाली, माझ्यातही तेच. पान उलटं करून दाखवलंसुद्धा. लांबून मला दिसलं: झेरॉक्सच होती. "प्रिय" च्या पुढे कोरी रेघ.

ती रडली नाही. समजूतदार आहे.

प्रार्थनेला मी गेलो नाही. पाइप बघायचा होता.

१८ मे, सकाळी

काकूंनी चहाबरोबर तपकिरी वही आणून ठेवली. म्हणाल्या, निघताना तुमच्या घरून मीच घेऊन आले, कन्येने फळीवरून काढून दिली. चहात साखर न विचारता तीन चमचे.

वही उघडली. पान ७, पत्रं. तिच्या अक्षरात:

"पालकांना नमुना कधीही देऊ नये. उतरवून काढतात. (पहिल्या वर्षी दिला होता. माझी घोडचूक.)

चार ओळी आल्या तरी चालतील. शुद्धलेखन बघू नये.

एखाद्याचं पत्र दर वर्षी राहतंच. त्या आईबापावर चिडू नये. ज्याला लिहायला सगळ्यात जास्त असतं, त्याचंच राहतं. फोन करून आठवण द्यावी. उशिरा आलं तरी मुलाला पोचतं."

हे ती अकरा वर्षं जेवताना मला सांगत असणार. मी हो-हो म्हणत ताटात बघत असणार. दीड वर्षाने तिचं काहीतरी नवीन ऐकायला मिळालं.

चष्म्याचा नंबर बरोबर आहे. मी रडत होतो. आजच नाही, त्या दिवशीही.

१८ मे, दुपारी

स्टाफची तातडीची मीटिंग. मी खुलासा तयार करून नेला होता, "एक तांत्रिक त्रुटी". कोणी ऐकून घेतला नाही. गाणंवाल्या सरांनी, नर्सबाईंनी घराघरांत फोन लावले: पुन्हा लिहा, मनाने लिहा, आजच पाठवा.

१९ मे

पत्रं यायला लागली. बेकरीवाले दुकान बंद करून स्वतः आले, पीठ लागलेल्या हातांनी. खिशातून कागद काढला. माझा शेरा मारलेला तोच जुना कागद, चार ओळींचा. टाकला नव्हता. मुलगी वाचून गळ्यात पडली. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, साहेब, तुम्हांलाही कोणी शिकवलं नसेल.

२० मे

अडतीस पाकिटं बदलून झाली. बाकी: एक.

काकूंनी मला मौनाच्या वेळी खोलीत बसवलं, समोर कागद ठेवला आणि बाहेरून कडी लावली. दीड तासात पुढीलप्रमाणे प्रगती: "विषय: दि. १७ मे रोजीच्या पत्राबाबत." खोडलं. "प्रिय." मग तिचं नाव. नाव लिहिताना आठवलं की हे नाव तिच्या आईने ठेवलं होतं आणि मी तेव्हा दुसरं सुचवलं होतं. पुढे सरकलं नाही.

उद्या घरी परत जायचं आहेच. घरी निवांत बोलू. पत्रापेक्षा समोरासमोर बरं. संकल्प: घरी पोचल्याबरोबर माळ्यावरून ट्रंक काढणे, स्वेटर देणे, विषय काढणे.

२१ मे

निरोपाचा दिवस. मी दरवाजात टेबल टाकून बसलो. एकेक पालक येतो, मी कलम १४ बघतो, नाव जुळतं, सही घेतो, मूल जातं. वकील साहेबांना ओळखपत्र नव्हतं म्हणून दहा मिनिटं थांबवलं. नियम म्हणजे नियम.

एकोणचाळीस झाली. कन्या दोन्ही बॅगा घेऊन बाकावर बसली होती. मी तिला हाक मारून म्हटलं, चल, झालं, निघू. तेवढ्यात मावशी आली. मी म्हटलं, अरे वा, तू कशी काय? मावशीचा चेहरा पडला. ती म्हणाली, भाऊजी, तुम्हांला माहीत आहे ना? तुमची सही आहे.

कन्या उठून टेबलापाशी आली. फाइलमधलं शेवटचं पान स्वतःच काढून माझ्यापुढे ठेवलं. कलम १४. मावशीचं नाव.

मागे पी.टी.चे सर, काकू, दोन पालक उभे होते. वकील साहेबही अजून गेले नव्हते. मावशी हळूच म्हणाली, तुम्ही नको म्हणालात तर थांबेल ती. मी कन्येकडे बघितलं. ती वाट बघत होती. नको म्हणायला एक शब्द लागतो. माझ्या तोंडून निघालं: इथे सही करा.

मावशीने सही केली. कन्या वाकून पाया पडली. माझ्या हातात घडी केलेलं पान दिलं आणि गाडीत जाऊन बसली. काच खाली होती, बराच वेळ.

एकूण चाळीस. सर्व मुलं सुखरूप पालकांच्या ताब्यात. हजेरी बरोबर.

२२ मे, घरी, सकाळी ५.००

आज पाचला उठलो. झोपलोच नव्हतो, पण उठलो पाचला.

तिने दिलेलं पान म्हणजे तीच झेरॉक्स. "प्रिय" च्या पुढच्या रेघेवर तिने लिहिलंय: बाबा. खाली बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात:

"कपाटाचं दार आईने उघडलं होतं. तुम्ही काउंटरवर मॅनेजरशी वाद घालत होतात. सामानाचं वाक्यही आईचंच आहे. मला चालतं तुम्ही ते घेतलंत तरी. फक्त एकदा तिचं नाव घ्यायला हवं होतंत."

मला शपथेवर आठवत होतं की दार मी उघडलं. बिजागरीचा आवाजसुद्धा आठवत होता. आता नीट आठवतं: मी तक्रार-वही मागत होतो. ती पोरीला खांद्यावर घेऊन आली आणि म्हणाली, चला, सापडली, आता पुरे.

ट्रंक काढली. धूळ काहीच नव्हती. स्वेटर जागेवर नव्हता. त्याच्या जागी चिठ्ठी: "मी घेतला."

सकाळी ८.१०

पत्र लिहिलं. नमुन्यानुसार नाही.

"पोरी, दार आईने उघडलं. मला तिची रोज आठवण येते आणि मी ती रोज लपवतो, तुझ्यापासून आणि स्वतःपासूनही. तू दार लावून घ्यायचीस, तेव्हा मी बाहेर बसायला हवं होतं. सभेत सांगितलं तसं. पेटीतल्या चिठ्ठीचं उत्तर: मला माहीत नाही. पण तुला तिची गरज होती, आणि मलाही होती."

चार ओळींत बसवायचं होतं, जास्त झालं. शुद्धलेखन तपासलं नाही.

पाकिटावर पत्ता घालायला गेलो, तर मावशीचा पत्ता माझ्याकडे नाही. अठरा वर्षांत तिच्या घरी जाणं ही नेहमी दोघींची गोष्ट असायची. मग फाइल काढली आणि कन्येचा फॉर्म पहिल्या पानापासून वाचला. कलम ६, आवड: शिबिर. कलम ११, घरात मन मोकळं कोणाशी करता: "आईशी." पुढे काहीतरी लिहून खोडलंय. उजेडात धरलं तर दिसतं: "बाबांना वेळ असेल तर."

कलम १४ मध्ये पत्ता सविस्तर आहे. कुठली बस घ्यायची, कुठे उतरायचं, पुलाच्या अलीकडे डाव्या हाताला औषधांचं दुकान, त्याच्या शेजारचा जिना, दुसरा मजला, बेल बिघडली आहे तर दार वाजवणे. एवढं कोणी पोस्टमनसाठी लिहीत नाही.

खाली तारीख १३ एप्रिल. त्याच्याखाली छापलेलं: वाचले, मान्य आहे. आणि माझी सही.